गुदाशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियापूर्व रसायन-किरणोपचारास लक्ष्यवेधी औषधांची जोड

प्रस्तावना

शौचावाटे रक्त जाऊ लागले की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत पहिला शब्द उच्चारला जातो तो मूळव्याधीचा. पुणे शहराच्या पेठांतील भिंतींवर व रिक्षांच्या पाठीमागे मूळव्याध व भगंदर यांवरील उपचारांच्या जाहिराती दिसतात आणि अनेक रुग्णांचे पहिले काही महिने त्या पत्त्यांवरच खर्ची पडतात. रक्तस्रावाच्या बहुसंख्य रुग्णांना खरोखरच मूळव्याध असते, ही गोष्ट खरी. परंतु ज्यांना ती नसते त्यांच्यापैकी काहींना गुदाशयाचा कर्करोग असतो आणि तो ओळखला जाईपर्यंत गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर पोहोचलेली असते. अशा ‘स्थानिकदृष्ट्या पुढारलेल्या’ रोगात थेट शस्त्रक्रिया न करता आधी केमोथेरपी व किरणोपचार एकत्र देऊन गाठ लहान करावी आणि मग ती काढावी, ही पद्धती आता जगभर रूढ आहे. या जोडीस तिसरे औषध, म्हणजे पेशीच्या विशिष्ट रेणूवर नेम धरणारे लक्ष्यवेधी औषध, जोडल्यास अधिक लाभ होईल का, हा प्रश्न गेली वीस वर्षे विचारला जात आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्यामागील जीवशास्त्रीय तर्क, चाचण्यांतून हाती आलेले निष्कर्ष आणि महाराष्ट्रातील रुग्णांच्या संदर्भात त्यांचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

भारतात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आहे. आपल्याकडे वयानुरूप प्रमाण लाखामागे दहापेक्षा कमी भरते, तर युरोप व उत्तर अमेरिकेत ते त्याच्या कितीतरी पट आहे. कर्करोगाची अशी लोकसंख्याधारित नोंद ठेवण्याचे काम भारतात प्रथम मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केले व पुढील दशकात ते पुण्यातही सुरू झाले. कमी प्रमाण ही समाधानाची बाब असली तरी त्याला दुसरी बाजू आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठी ओलांडलेल्यांचा मानला जातो. त्याच पाहणीत सुमारे १३ टक्के रुग्णांच्या गाठीत ‘सिग्नेट रिंग’ प्रकारच्या पेशी होत्या. पेशीतील श्लेष्मल द्रव्यामुळे केंद्रक एका कडेला ढकलले जाऊन ती मुद्रिकेसारखी दिसते, म्हणून हे नाव. हा प्रकार आक्रमक असून किरणोपचारास कमी दाद देतो. म्हणजेच आपला रुग्ण तुलनेने तरुण, संसाराच्या व नोकरीच्या मध्यावर असलेला, आणि अनेकदा अधिक चिवट रोग घेऊन आलेला असतो. परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना हा फरक दृष्टीआड करता येत नाही.

गुदाशयाची रचना आणि शस्त्रक्रियेतील अडचण

मोठ्या आतड्याच्या अखेरचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तो कटीच्या हाडांच्या अरुंद पोकळीत बसलेला असतो. पुढे पुरुषांत मूत्राशय व पुरःस्थ ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग, मागे त्रिकास्थी, आणि दोन्ही बाजूंना मूत्रविसर्जन व लैंगिक कार्य यांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे. पोटातील आतड्याची गाठ काढताना शल्यविशारदाला जी मोकळीक मिळते ती येथे मिळत नाही. गाठीभोवती निरोगी ऊतीची किनार मिळविण्यासाठी काही मिलिमीटर बाजूला सरकले तरी मज्जातंतू दुखावतात. न सरकल्यास रोग मागे राहतो.

याहून मोठा प्रश्न खालच्या टोकाला असतो. गाठ गुदद्वाराच्या आकुंचक स्नायूपर्यंत पोहोचली असेल तर तो स्नायूही काढावा लागतो आणि रुग्णाला पोटावर कायमचा कृत्रिम मलमार्ग, म्हणजे कोलोस्टोमी, स्वीकारावा लागतो. पोटावर पिशवी लावून चाळिशीतील माणसाने कारखान्यात आठ तास उभे राहणे किंवा घरातील स्त्रीने सणावाराच्या गर्दीत वावरणे याचा अर्थ आकडेवारीत उमटत नाही. अनेक रुग्ण केवळ या भीतीने शस्त्रक्रिया नाकारतात, ही बाब कर्करोगतज्ज्ञांना परिचित आहे. गाठ आकुंचक स्नायूपासून थोडी जरी वर सरकली, लहान झाली, तर हा स्नायू वाचू शकतो. शस्त्रक्रियापूर्व उपचारांचे व्यावहारिक महत्त्व येथे आहे.

उपचारक्रम कसा घडला

ब्रिटिश शल्यविशारद आर. जे. हील्ड यांनी १९८२ मध्ये गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त आवरण, ज्याला मेसोरेक्टम म्हणतात, ते अखंड काढण्याचे तंत्र मांडले. तोपर्यंत शस्त्रक्रियेनंतर कटीच्या पोकळीत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फार मोठे होते. या एका तंत्राने ते जितके घटले तितके कोणत्याही एका औषधाने घटलेले नाही, हे औषधांच्या चर्चेत विसरले जाऊ नये. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी पाच दिवसांत २५ ग्रे किरणमात्रा दिल्यास स्थानिक पुनरुद्भव २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येतो असे दिसले. नेदरलँड्समधील २००१ च्या चाचणीने हील्ड यांचे तंत्र वापरूनही किरणोपचाराचा लाभ टिकतो हे दाखविले. दोन वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आला.

उपचार आधी की नंतर, या वादाचा निकाल जर्मनीतील चाचणीने २००४ मध्ये दिला. तीत किरणोपचारासोबत ५-फ्लुरोयुरासिल हे औषध एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी व दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेनंतर देण्यात आले. पाच वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव पहिल्या गटात ६ टक्के, तर दुसऱ्यात १३ टक्के होता. उपचारांचे तीव्र दुष्परिणामही पहिल्या गटात कमी, म्हणजे २७ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ४० टक्क्यांना झाले. ज्या रुग्णांचा आकुंचक स्नायू काढावा लागेल असा शल्यविशारदांचा आरंभीचा अंदाज होता, त्यांच्यापैकी पहिल्या गटातील ३९ टक्क्यांचा तर दुसऱ्या गटातील १९ टक्क्यांचा स्नायू वाचला. मात्र पाच वर्षांच्या जीवितप्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. या चाचणीपासून २८ सत्रांत ५०.४ ग्रे आणि सोबत फ्लुरोयुरासिल, अथवा त्याचे तोंडाने घ्यावयाचे रूप असलेले कॅपेसिटाबीन, ही प्रमाणित पद्धती झाली.

फ्लुरोयुरासिल हे औषध १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी तयार केले. पेशीला डीएनए घडविण्यासाठी लागणारा एक घटक बनविणाऱ्या विकरास ते अडवते. किरणांनी डीएनए तुटलेला असताना दुरुस्तीसाठी लागणारा कच्चा माल तुटपुंजा पडावा, असा हा डाव आहे. म्हणून किरणांची धार वाढते. औषधाची मात्रा मात्र तुलनेने कमी ठेवता येते.

या पद्धतीत दोन उणिवा राहिल्या. पहिली, गाठ पूर्णपणे नाहीशी होण्याचे प्रमाण कमी होते; जर्मन चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकही कर्कपेशी न सापडण्याचे प्रमाण ८ टक्केच होते. दुसरी, यकृत व फुप्फुसात आधीच पोहोचलेल्या सूक्ष्म बीजांवर या उपचाराचा परिणाम फारसा होत नव्हता. दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी आधी ऑक्झालिप्लाटिन हे जुन्या वळणाचे औषध जोडून पाहिले गेले. इटलीतील चाचणीत गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १६ टक्केच राहिले. तीव्र दुष्परिणाम मात्र ८ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. फ्रान्स व अमेरिका येथील चाचण्यांनीही साधारण हीच दिशा दाखविली. नंतरच्या एका जर्मन चाचणीतच काही लाभ दिसला. दरम्यान संशोधकांची नजर नव्या पिढीच्या औषधांकडे वळली होती.

लक्ष्यवेधी औषधांचा तर्क

पेशीच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. बाहेरून येणारा वाढघटक ग्राहीला चिकटला की आत संदेशांची साखळी सुरू होते आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. वाढघटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील बाह्यत्वचा वाढघटकाचा ग्राही, म्हणजे इजीएफआर, गुदाशयाच्या अनेक गाठींत मोठ्या संख्येने आढळतो. या ग्राहीवर बसून त्याची वाट बंद करणारे प्रतिपिंड म्हणजे सेतुक्सिमॅब व पॅनिट्युमुमॅब. दुसरे लक्ष्य रक्तवाहिन्यांचे. गाठीला दोन-तीन मिलिमीटरपलीकडे वाढायचे असेल तर स्वतःचा रक्तपुरवठा उभारावा लागतो, ही कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. रक्तवाहिन्यांना वाढविणाऱ्या घटकास, व्हीईजीएफला, रक्तातच पकडणारे प्रतिपिंड म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. सेतुक्सिमॅब व बेव्हॅसिझुमॅब या दोहोंना दूरवर पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये, एकाच महिन्यात, मान्यता मिळाली.

किरणोपचारासोबत इजीएफआर अडविण्यामागे एक विशेष कारण होते. किरणांचा मारा सुरू झाल्यावर तगून राहिलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात आणि या वाढीमागे इजीएफआरचाच संदेश असतो. किरणांनी झालेल्या डीएनएच्या जखमा भरून काढण्यातही त्याचा हात असतो. म्हणून तो बंद केला तर किरणांचे काम सोपे होईल, असे अनुमान होते. २००६ मध्ये त्यास भक्कम आधार मिळाला. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ४२४ रुग्णांत केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २९.३ महिने, तर किरणोपचारासोबत सेतुक्सिमॅब घेणाऱ्यांचे ४९ महिने आढळले. गुदाशयातही हेच घडेल अशी अपेक्षा त्या काळच्या लेखनात सर्वत्र आढळते. मात्र त्या चाचणीत औषध केवळ किरणांना जोडलेले होते, केमोथेरपीसह किरणांना नव्हे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. त्याच रोगात सिस्प्लाटिनसह किरणोपचारास सेतुक्सिमॅब जोडणाऱ्या अमेरिकेतील चाचणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला, तेव्हा त्यात कोणताही लाभ दिसला नाही.

चाचण्यांनी काय दाखविले

गुदाशयाच्या कर्करोगातील पहिले आकडे आले तेव्हा संशोधक गोंधळात पडले. बेल्जियममधील २००७ च्या अभ्यासात कॅपेसिटाबीन, किरणोपचार व सेतुक्सिमॅब मिळून गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण ५ टक्के होते. जर्मनीतील २००८ च्या अभ्यासात कॅपेसिटाबीन व ऑक्झालिप्लाटिन यांच्या जोडीला सेतुक्सिमॅब दिल्यावर ते ९ टक्के आले. त्याच जर्मन संशोधकांनी सेतुक्सिमॅबविना केलेल्या पूर्वीच्या अभ्यासात ते १६ टक्के होते. औषध वाढवावे आणि परिणाम घटावा, हे कोड्यात टाकणारे होते. भिन्न काळातील भिन्न रुग्णगटांची अशी तुलना सदोष असते हे मान्य केले तरी, अपेक्षित झेप कोठेच दिसत नव्हती.

यानंतर निवडीचा प्रश्न पुढे आला. इजीएफआरच्या संदेशसाखळीत खालच्या पायरीवर केरास नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झाले तर ते कायमचे चालू राहते. वरचा ग्राही बंद केला काय अन् न केला काय, फरक पडत नाही. नळ बंद केला तरी खालची वाहिनीच फुटलेली असावी तसे. आतड्याच्या सुमारे ४० टक्के गाठींत हे उत्परिवर्तन असते. २००८ मध्ये दूरवर पसरलेल्या रोगाच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले की इजीएफआरविरोधी प्रतिपिंडाचा लाभ केवळ अनुत्परिवर्तित केरास असलेल्यांनाच होतो. साहजिकच असे वाटले की आधीच्या अभ्यासांत निम्मे रुग्ण अयोग्य होते, म्हणून लाभ झाकला गेला.

ही शंका तपासणारी ‘एक्सपर्ट-सी’ ही यादृच्छिक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १६५ रुग्ण होते. अनुत्परिवर्तित केरास व ब्राफ असलेल्यांत पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण सेतुक्सिमॅबविना ९ टक्के व सेतुक्सिमॅबसह ११ टक्के, म्हणजे व्यवहारतः सारखेच होते. परंतु एमआरआयवर गाठ आक्रसण्याचे प्रमाण औषधाने वाढले आणि जीवितप्रमाणातही प्रारंभी उल्लेखनीय फरक दिसला. मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी, दुय्यम प्रश्नाचे होकारार्थी. अशा वेळी दुय्यम निष्कर्षाला कवटाळण्याचा मोह मोठा असतो. २०१४ मध्ये अधिक व्यापक जनुकीय तपासणीसह पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा सेतुक्सिमॅबच्या बाजूचे आकडे वरचढच होते, पण तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. रुग्णसंख्या लहान असल्याने यापुढे निश्चित काही म्हणता येत नाही.

स्वित्झर्लंडमधील पॅनिट्युमुमॅबच्या चाचणीचे आकडे तर वर्गात उदाहरण म्हणून द्यावेत असे आहेत. तीत केवळ अनुत्परिवर्तित केरास असलेले ६८ रुग्ण घेतले होते. ‘पूर्ण अथवा जवळजवळ पूर्ण’ प्रतिसाद या निकषावर औषधासह ५३ टक्के व औषधाविना ३२ टक्के असा फरक आला. हा भाग वाचून थांबले तर औषध यशस्वी वाटते. पण केवळ ‘पूर्ण’ प्रतिसाद पाहिला तर औषधासह १० टक्के व औषधाविना १८ टक्के असा उलटा क्रम दिसतो. शिवाय आतड्याचा जोड गळण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले. या गळतीतून पोटात पू होतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, प्रसंगी जीव जातो. कोणता निकष मोजला यावर निष्कर्षाची दिशा कशी बदलते, हे येथे उघड दिसते.

असे का घडले असावे?

यावरील सर्वाधिक स्वीकारार्ह स्पष्टीकरण पेशीचक्राशी निगडित आहे. फ्लुरोयुरासिल व कॅपेसिटाबीन प्रामुख्याने डीएनए घडविण्याच्या अवस्थेत असलेल्या पेशींवर काम करतात. इजीएफआर अडविणारे औषध पेशीला त्या अवस्थेत शिरण्याआधीच थोपवून धरते. म्हणजे एका औषधाने शिकार बिळाबाहेर येण्याची वाट पाहावी आणि दुसऱ्याने बिळाचे तोंडच बुजवावे, असा प्रकार होतो. प्रत्येक औषध स्वतंत्रपणे उपयुक्त, पण एकत्र आल्यावर एकमेकांच्या आड येणारे. केवळ किरणांसोबत सेतुक्सिमॅब यशस्वी होते आणि केमोथेरपीसह किरणांना जोडल्यावर नाही, या विरोधाभासाचाही त्यातून काही उलगडा होतो. हे स्पष्टीकरण पूर्ण सिद्ध झालेले नाही; पण औषधांचा क्रम बदलून पाहणे, म्हणजे आधी एक व नंतर दुसरे देणे, ही दिशा त्यातून सुचते.

या प्रकारच्या प्रश्नांची पहिली चाचपणी पेशीसंवर्धनात होते आणि येथे पुण्याचा थेट संबंध येतो. विद्यापीठ परिसरातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही संस्था देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवंश पुरविते. आतड्याच्या कर्करोगावरील प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या पेशीवंशांपैकी एचसीटी-११६ मध्ये केरासचे उत्परिवर्तन आहे, तर एचटी-२९ मध्ये केरास शाबूत असून ब्राफचे उत्परिवर्तन आहे. महाविद्यालयीन स्तरावर औषधांची किरणसंवेदकता तपासणारे प्रकल्प अनेकदा यांपैकी एकच वंश घेऊन केले जातात आणि निष्कर्ष मात्र सर्वसाधारण ‘आतड्याच्या कर्करोगा’विषयी लिहिले जातात. वरील चाचण्यांचा इतिहास पाहता ही सवय सोडणे इष्ट होय. शिवाय पेशीसंवर्धनाच्या तबकडीत रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायूची टंचाई नसते आणि रोगप्रतिकारशक्तीही नसते. किरणोपचाराचे यशापयश या तिन्हींवर अवलंबून असते.

रक्तवाहिन्यांवरील औषध : बेव्हॅसिझुमॅब

प्राणवायूचा मुद्दा बेव्हॅसिझुमॅबच्या बाबतीत कळीचा ठरतो. किरणांनी डीएनएला होणारी इजा कायम होण्यासाठी प्राणवायू लागतो. मग रक्तवाहिन्या तोडणारे औषध दिले तर गाठीतील प्राणवायू घटून किरणोपचार निष्प्रभ व्हायला हवा! या आक्षेपाला भारतात जन्मलेल्या व कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळे उत्तर दिले. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या व फुगलेल्या असतात. औषधाच्या प्रारंभीच्या मात्रेने त्यांतील निकामी फांद्या छाटल्या जातात, उरलेल्या काही काळ सुरळीत होतात आणि त्या अवधीत औषध व प्राणवायू आत अधिक पोहोचतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००४ मध्ये बोस्टन येथे गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांना एकच मात्रा देऊन बारा दिवसांनी मोजमापे घेतली गेली. गाठीतील रक्तप्रवाह, वाहिन्यांची घनता व ऊतीतील द्रवदाब ही तिन्ही घटलेली आढळली. सहा रुग्णांचा हा अभ्यास. पण मानवी गाठीत हा परिणाम प्रत्यक्ष दाखविणारा तो पहिला होय.

पुढील अभ्यासांनी उत्साह वाढविला. बोस्टनच्याच गटाने २००९ मध्ये ३२ रुग्णांचा अहवाल दिला. पाच वर्षांत एकाही रुग्णात स्थानिक पुनरुद्भव नव्हता, जरी पूर्ण प्रतिसाद १६ टक्केच होता. ह्यूस्टन येथील २०१० च्या अभ्यासात २५ रुग्णांत पूर्ण प्रतिसाद ३२ टक्के होता. पण याच २५ पैकी तिघांना जखम न भरल्याने पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. यात आश्चर्य नाही, कारण जखम भरण्यासाठी नव्या रक्तवाहिन्याच लागतात आणि औषध त्यांनाच रोखते. बेव्हॅसिझुमॅबचा शरीरातील अर्धायुकाल सुमारे वीस दिवसांचा असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी किमान २८ दिवस ते थांबवावे लागते. दूरवर पसरलेल्या रोगात हा धोका पत्करणे समजण्यासारखे आहे. जो रुग्ण शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता आहे, त्याच्याबाबत हिशेब वेगळा ठरतो. या लहान अभ्यासांनंतर निर्णायक अशी मोठी तुलनात्मक चाचणी उभी राहिली नाही आणि प्रमाणित उपचारांत या औषधाला येथे स्थान मिळाले नाही. इजीएफआरविरोधी औषधांचीही हीच गत झाली. अमेरिकेत नंतर पार्प-रोधक व्हेलिपॅरिब आणि प्रतिकारशक्ती जागविणारे पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे सर्वसाधारण रुग्णांत रसायन-किरणोपचारास जोडून पाहिली गेली. तेथेही ठरविलेल्या निकषावर सुधारणा दिसली नाही.

पर्यायी वाटा

या काळात सुधारणा झाली ती मुख्यतः जुन्याच औषधांचा क्रम बदलून. संपूर्ण केमोथेरपी शस्त्रक्रियेपूर्वीच देण्याच्या पद्धतीत, २०२० च्या ‘रॅपिडो’ चाचणीत, पूर्ण प्रतिसाद १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेला. मात्र पाच वर्षांनंतर त्याच चाचणीत स्थानिक पुनरुद्भव नव्या पद्धतीच्या गटात अधिक, १० टक्के, तर जुन्या पद्धतीत ६ टक्के आढळला. प्रतिसाद दुप्पट झाला तरी पुनरुद्भव घटेलच असे नाही, हे येथे पुन्हा दिसले. ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडलेली ‘गाठ नाहीशी झाल्यास शस्त्रक्रिया न करता काटेकोर लक्ष ठेवणे’ ही कल्पना प्रारंभी धाडसी मानली गेली. २०२२ च्या अमेरिकेतील चाचणीत संपूर्ण शस्त्रक्रियापूर्व उपचारांनंतर सुमारे निम्म्या रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनी शाबूत होता.

खऱ्या अर्थाने लक्ष्याचा वेध घेतला गेला तो अनपेक्षित ठिकाणी. डीएनएच्या प्रतिलिपीतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा काही गाठींत निकामी असते. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण ५ ते १० टक्केच. अशा गाठीत उत्परिवर्तने इतकी साचतात की ती शरीराच्या संरक्षक पेशींना परकी वाटू शकते; केवळ पीडी-१ नावाचा लगाम त्या पेशींना आवरून धरतो. न्यूयॉर्क येथे २०२२ मध्ये हा लगाम सोडविणारे डोस्टार्लिमॅब हे औषध सहा महिने एकटेच देण्यात आले, तेव्हा उपचार पूर्ण केलेल्या बाराही रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. २०२५ मध्ये ही संख्या ४९ झाली आणि ४९ पैकी ४९ रुग्णांत तोच परिणाम दिसला. त्यांना ना किरणोपचार लागला, ना शस्त्रक्रिया. गुदाशयाच्या कर्करोगात जोडीला जोड देण्याच्या इतिहासात सर्वांत मोठे यश औषध काढून टाकण्यातून आले, हे लक्षणीय आहे. उर्वरित ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांसाठी अल्पकालीन किरणोपचारानंतर केमोथेरपी व पीडी-१ रोधक एकत्र देण्याचे प्रयोग चीनमध्ये आशादायक ठरले आहेत; २०२४ मधील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पूर्ण प्रतिसाद १५.३ टक्क्यांवरून ३९.८ टक्के झाला. जीवितप्रमाणावरील परिणाम कळण्यास मात्र अधिक काळ लागतो.

महाराष्ट्रातील रुग्ण आणि खर्चाचा प्रश्न

प्रतिपिंड औषधे महाग असतात, कारण ती रासायनिक भट्टीत नव्हे तर जिवंत पेशींत तयार होतात. मूळ औषधाशी साधर्म्य असलेल्या जैवसमरूप औषधांनी हे चित्र काही अंशी बदलले आहे. बेव्हॅसिझुमॅबची अनेक भारतीय जैवसमरूपे २०१६ पासून बाजारात आली. २०२४ मध्ये सेतुक्सिमॅबचे जैवसमरूपही भारतात आले; ते पुण्याजवळील चाकणच्या एन्झीन बायोसायन्सेस या कंपनीने विकसित केले असून डोके व मानेच्या कर्करोगासाठी आणले गेले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी एकत्रित खरेदीद्वारे किमती आणखी खाली आणल्या. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश आहे.

औषध स्वस्त झाले की एक वेगळीच अडचण निर्माण होते. परवडते म्हणून द्यावे, असा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांकडून होऊ लागतो. ‘डॉक्टर, पैशाकडे पाहू नका, जे चांगले असेल ते द्या’ हे वाक्य पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ऐकू येते. त्यातील ‘चांगले’ याचा अर्थ बहुधा ‘नवे व महाग’ असा घेतला जातो. गुदाशयाच्या बाबतीत उपलब्ध पुरावा या समजुतीला आधार देत नाही. आपल्याकडील संशोधकांनी पुराव्याची ही शिस्त अन्यत्र पाळली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात निमोट्युझुमॅब हे इजीएफआरविरोधी प्रतिपिंड डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांत सिस्प्लाटिनसह किरणोपचारास जोडून तपासले गेले. २०१९ च्या अहवालात रोग न वाढता राहण्याचा काळ सुधारला, पण जीवितप्रमाणातील फरक लक्षणीय ठरला नाही आणि दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे मांडल्या गेल्या. त्याच रुग्णालयाने २०२३ मध्ये निव्होलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पसरलेल्या मुखकर्करोगादी रोगांत जोडून एका वर्षाचे जीवितप्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर नेले. कमी मात्रेचा हाच विचार गुदाशयाच्या दुरुस्तीदोष असलेल्या गाठींत तपासण्यास भारतीय रुग्णालये सोयीच्या जागी आहेत, कारण आपल्याकडे रुग्ण तरुण आहेत आणि हा दोष आनुवंशिक असल्यास तो लहान वयातच प्रकट होतो.

तरुण रुग्णाच्या बाबतीत किरणोपचार टाळता येण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. कटीवरील किरणमात्रेने स्त्रीची बीजांडे कायमची निकामी होतात, पुरुषाच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम होतो आणि अपत्याची इच्छा असलेल्या जोडप्याला याची कल्पना अनेकदा उपचार सुरू झाल्यानंतर दिली जाते. दुरुस्तीदोषाची तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावर चार प्रथिनांसाठी रंजकक्रिया करून होते. ती पुण्यातील प्रमुख पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत उपलब्ध आहे आणि प्रतिपिंड औषधाच्या एका मात्रेच्या तुलनेत तिचा खर्च अल्प आहे. मात्र ती किरणोपचारापूर्वीच करावी लागते. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा लहान असतो, निदानासाठीच त्याचा बहुतांश भाग वापरला जातो आणि उपचार यशस्वी झाल्यास नंतर तपासण्यासाठी गाठच उरत नाही. म्हणून बायोप्सी घेतानाच अधिक तुकडे घेणे, मेणातील ठोकळा रुग्णाच्या नावे जपून ठेवणे आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना तो अहवालासोबत त्याच्या हाती देणे, एवढी व्यवस्था लागते.